सहा गाड्या आणि बारा फुटांचं दार

नॉर्समन
६ फेब्रुवारी १९७२

थेल्मा,

जिंकलीस तू. काल खाण कंपनीचा माणूस येऊन गेला. नवी टोपी, नवे बूट, हातात कागद. तीस एप्रिलला मागच्या बाजूच्या सगळ्या शेड पाडणार म्हणे. मला म्हणाला, "मिस्टर ट्रेव्हॉरो, तेवढं भंगार हलवा." भंगार! मी त्याला बाबांची शेव्हरोले दाखवली. म्हटलं, हिचा भोंगा वाजवून बघ. वाजवला, आणि टोपी पडली त्याची.

तुझं ते लोकरीचं गोदाम रिकामं आहे, हे तीन वर्षं लिहीत होतीस आणि मी तीन वर्षं टाळत होतो. आता येतो. एकटा नाही, सहा गाड्या घेऊन: बाबांची ती शेव्हरोले टूरर, दोन फोर्ड, ती ऑस्टिन, इंजिन नसलेली व्हॉक्सहॉल आणि माझी अठ्ठेचाळीसची होल्डन. शिवाय सुटे भाग. काल मोजायला घेतले. बिस्किटांचे, जॅमचे, दूधपावडरीचे मिळून दोनशे चाळीस डबे झाले आणि अजून फळीमागचे राहिलेत. चाळीस वर्षांत काही टाकलं नाही मी.

यूरे ट्रक देणार आहे. तोच तो, खाणीच्या वर्कशॉपात माझ्या हाताखाली होता तो, समुद्रापलीकडच्या दालमेशियाहून आलेला. आता त्याचा स्वतःचा लांब ट्रेलर आहे. दोन खेपा लागतील. होल्डन मी स्वतः चालवत आणणार.

आता सांग. गोदामाचं छप्पर गळतं का? जमीन सिमेंटची की मातीची? वाळवी? आणि दार किती रुंद आहे? अकराशे मैल तुडवून दारात अडकलो तर सगळं पीटरबरो हसेल.

रात्री झोप लागत नाही. एक डबा हरवला तर एक गाडी मेली, असं हे काम आहे.

तुझा
क्लेम


पीटरबरो
१५ फेब्रुवारी १९७२

प्रिय क्लेम,

अखेर! पत्र वाचून मी अंगणात जाऊन कोंबड्यांना सांगितलं, दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

गोदामाचं छप्पर ठीक आहे. एक पत्रा वाऱ्यानं वाजतो, पण गळत नाही. जमीन सिमेंटची. वाळवी नाही. गोदामाचे म्हातारे मालक मिस्टर जुंगे स्वतः म्हणाले, "तुझा भाऊ माझ्या लोकरीपेक्षा कमी वास मारत असेल तर खुशाल येऊ दे." तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतेय. माझे हे गेल्यापासून ती बंदच होती.

आता मास्तरीण बोलतेय, ऐक. एकतीस वर्षं मी मुलांची अक्षरं तपासली. तुझं हे पत्र काय होतं? अक्षर कोंबडीच्या अंड्याएवढं, आणि तिसऱ्या पानावर एका ओळीच्या डोक्यावर दुसरी ओळ बसलेली. "वाळवी" हा शब्द मी चार वेळा वाचला तेव्हा लागला. दिव्याखाली बसून लिहीत जा. आणि होल्डनही ट्रकवरच चढव. एकाहत्तरीत नलरबोरचं ओसाड मैदान पार करायची हौस कशाला? दोन राज्यांच्या सरहद्दीच्या अलीकडे रस्ता अजून कच्चाच आहे, हे विसरलास का?

थेल्मा


नॉर्समन
२४ फेब्रुवारी

थेल्मा,

पेन खराब आहे. अक्षराचं एवढं काय!

बांधाबांध चाललीय आणि यूरेनं माझं डोकं पिकवलंय. चांगला माणूस, पण डोळे मिटून काम करतो. परवा फोर्डच्या डब्यात ऑस्टिनचे व्हॉल्व्ह निघाले. मी ओरडलो. तो म्हणतो, "क्लेम, हे तूच भरलेस." मी कशाला भरू? मग म्हणतो, डब्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्यात, त्याही मीच. काल लाल रंगाच्या डब्याला हिरवा म्हणत बसला. शेवटी मी डबा त्याच्याच डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "जा, बायकोला दाखव कुठला रंग आहे तो."

आता मी चिठ्ठ्यांचा नाद सोडलाय. प्रत्येक डब्याला तार बांधतो. एक पीळ म्हणजे शेव्हरोले, दोन म्हणजे फोर्ड, असं. अंधारातसुद्धा कळतं. कशी वाटली युक्ती?

पोस्टातली मिसेस डनस्टन रागावलीय. म्हणे मी रस्त्यात समोरून गेलो आणि ओळख दिली नाही. एवढ्या उन्हात कोण कोणाला ओळखतं!

दाराची रुंदी तू लिहिलीच नाहीस. ते कळल्याशिवाय ट्रेलरवर गाड्या कशा लावायच्या, हे ठरत नाही. लगेच कळव.

क्लेम

किटलीनं हात भाजलाय, म्हणून या वेळी अक्षर असं.


पीटरबरो
४ मार्च

प्रिय क्लेम,

दार बारा फुटांचं आहे. झालं समाधान?

आता मी एक विचारते, त्याचं उत्तर दे. पेन, हात, ऊन, यूरे, सगळ्यांची नावं घेऊन झाली तुझी. आई आठवते तुला? सत्तरीला आल्यावर ती चहा ओतताना कपात बोट बुडवून ठेवायची, कप भरला की कळावं म्हणून. आपण हसायचो आणि ती म्हणायची, साखर ढवळतेय. वर्षभर तिनं कोणाला कळू दिलं नाही. मग एक दिवस विहिरीकडे जायला निघाली आणि तबेल्यात जाऊन उभी राहिली.

तुला दिसतं ना, क्लेम? हो की नाही, एवढंच लिही.

थेल्मा


नॉर्समन
१३ मार्च

थेल्मा,

डोळे गरुडाचे आहेत. आईची गोष्ट मला सांगू नकोस, त्या तबेल्यातून तिला हात धरून मीच आणलं होतं.

महत्त्वाची बातमी. यूरेला एकदम मोकळे दिवस मिळाले, म्हणून पहिली खेप उद्याच निघतेय. बाबांची टूरर, ऑस्टिन, एक फोर्ड आणि शंभरेक डबे. टूररवर तीन ताडपत्र्या बांधल्यात आणि आत उशा भरल्यात. माझ्या उशीसकट. दार बारा फुटांचं म्हणालीस म्हणून निर्धास्त आहे. यूरेला सांगितलंय, थेट गोदामात उलटा शिर आणि हळू उतरव.

तूही तिथं उभी राहा. बाबांच्या गाडीला ओरखडा गेला तर तुम्ही दोघंही मेलात.

क्लेम


पीटरबरो
२७ मार्च

मिस्टर यूरे यांस,

हे पत्र तुमच्या पत्नीच्या नावानं पाठवतेय, क्लेमच्या नजरेला पडू नये म्हणून. नजर! हा शब्द लिहितानाही हात थांबला माझा.

त्या दिवशीची माफी मागायची आहे. क्लेमचं पत्र यायच्या आधी तुमचा ट्रक दारात आला. मी दोरीवर चादरी घालत होते. तुम्ही टोपी काढून विचारलंत, "बाई, बारा फुटांचं दार कुठाय?" आणि मी परक्या माणसासमोर चादरीत तोंड घालून रडले. तुम्हाला वाटलं असेल, या घरात कोणी वारलं की काय.

कपाळावर हात मारून घ्यावा अशी माझी गोष्ट आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मिस्टर जुंग्यांच्या मुलानं ते गोदाम विकलं. नव्या मालकानं आठवड्यात उतरवून पत्रे आणि लाकूड नेलं. मी क्लेमला बारा फूट लिहिलं, तेव्हा त्या जागी नुसतं सिमेंट होतं. खरं लिहिलं असतं तर तो म्हणाला असता, "बरं झालं, मी इथंच राहतो," आणि पाडलेल्या शेडच्या पत्र्याखाली एकटा पडला असता. वाटलं, तो येईपर्यंत दुसरी जागा मिळेल. चर्चचं सभागृह, रेल्वेचं जुनं इंजिनघर, दारूगुत्त्यामागची बखळ, सगळीकडे गेले. "सहा मोटारी?" म्हणतात आणि हसतात.

तुम्ही न रागावता तिन्ही गाड्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर मेंढ्यांच्या पत्र्याखाली लावून दिल्यात. तिथं मे अखेरपर्यंतच मुभा आहे. मी रोज दोनदा जाऊन ताडपत्र्या चाचपते.

आणि मग चहा पिताना तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत. क्लेमला समोर बघायचं असलं की तो मान वळवून कडेनं बघतो. मधोमध त्याला काळा डाग दिसतो. गावातल्या रस्त्यांवर तो आठवणीनं गाडी चालवतो. तुम्हाला त्यानं बायबलावर हात ठेवायला लावून गप्प बसवलंय. माझं गुपित तुम्ही पोटात ठेवलंत, तुमचं मी ठेवते. पण दोघं मिळून त्याला फसवत असताना तो आपल्याला फसवतोय, याला काय म्हणावं?

एकच विनंती. त्याला होल्डनमध्ये एकटं बसू देऊ नका. मी जागा शोधते, तुम्ही त्याला सांभाळा.

आपली
थेल्मा हॉकिंग


नॉर्समन
४ एप्रिल

थेल्माबाई,

माझं लिहिणं वाईट आहे. बायको चुका दुरुस्त करते.

प्रयत्न केला. किल्ली लपवली. तो तारा जोडून गाडी सुरू करतो. चाकातली हवा काढली. पंप घेऊन बसला, गाणं म्हणत भरली. मी म्हणालो, होल्डन ट्रेलरवर घेऊ. म्हणाला, ट्रेलरवर दोन गाड्या आणि दीडशे डबे आहेत, तिसरी तुझ्या डोक्यावर ठेवू का? ते खरं आहे. जागा नाही.

म्हणाला, "मी तुझ्या धुळीच्या मागं येईन. एवढी मोठी धूळ आंधळ्यालाही दिसते."

मी म्हणालो, "कोण आंधळं, क्लेम?"

मग बराच वेळ हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते.

दहा तारखेला निघतो. मी हळू चालवीन. दर दहा मैलांना थांबीन. देव आहे.

यूरे


सेदुना
१४ एप्रिल

थेल्मा,

अक्षर यूरेचं आहे, बोलणं माझं. त्यालाच लिहायला बसवलंय, कारण मला लिहिलेलं दिसत नाही; तुझी पत्रं भिंग लावून एकेक अक्षर कडेनं लावत होतो. झालं? हो की नाही विचारलं होतंस. नाही. गेल्या हिवाळ्यापासून नाही.

आम्ही वाटेवरच्या सेदुनात तीन खाटांच्या एका खोलीत आहोत. ट्रक बाहेर उभा आहे. होल्डनही. ती मी चालवत आणली नाही. यूरे पंधरा मैल पुढं ट्रक ठेवायचा, मिळेल त्या गाडीनं मागं यायचा, होल्डन आणायचा, पुन्हा पुढं. दोन दिवस असं केलं त्यानं. मी ट्रकजवळ दगडावर बसून राहायचो.

सगळं सांगतो. यूरे म्हणतो, सांगितलंच पाहिजे, नाहीतर तो स्वतः लिहील.

सरहद्दीजवळच्या युक्लापर्यंत ठीक होतं. डांबर होतं, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ मला कडेनं दिसते. सरहद्दीपासून कच्चा रस्ता लागला आणि धूळ. पिठासारखी, खिडकी लावली तरी दातांत. मी अर्धा मैल मागं राहून त्या धुळीवर गाडी धरली होती. उंच, लाल धूळ, उन्हात पेटल्यासारखी. मला वाटलं, डोळे हवेत कशाला? मी खूश होतो, थेल्मा. बारा वर्षांनी लांबचा रस्ता मिळाला होता. बाबांचं ते मेंढरांचं गाणं म्हणत होतो.

(तो थांबून पाणी पितोय. यूरे.)

दुपारी धूळ थोडी उजवीकडे वळली. मीही वळलो. रस्ता खराब झाला. दगड, झुडपं गाडीच्या पोटाला घासायला लागली. मनात म्हटलं, यूरेनं काहीतरी आडवाट धरलीय, पुढं रस्ता फुटला असेल. दहा मैल तसाच गेलो. मग वारा बदलला. गार, ओला, खारट. तेव्हासुद्धा माझ्या मठ्ठ डोक्यात काही शिरलं नाही.

धूळ बसली. समोर ट्रक थांबलेला दिसला, म्हणजे काळं काहीतरी दिसलं. म्हटलं, यूरे चहाला थांबला. त्याच्या पुढं गाडी लावावी, सावली मिळेल, म्हणून मी डावीकडून पुढं काढली. पुढं सगळं निळंसर होतं, सपाट. मला ती मिठाची जमीन वाटली.

कोणीतरी बॉनेटवर दोन्ही मुठींनी हाणायला लागलं. "थांब! थांब, म्हाताऱ्या, मरशील!" मी ब्रेक दाबला. तो माणूस दार उघडून आत पडलाच माझ्या अंगावर आणि हँडब्रेक ओढला. श्वास लागला होता त्याला. म्हणाला, "कुठं निघाला होतास?"

मी म्हणालो, "पीटरबरोला."

तो म्हणाला, "हा समुद्र आहे."

तो कोळी होता. कड्यावर बसून गळ टाकायला आला होता. त्याच्याच धुळीमागं मी दहा मैल गेलो होतो. यूरे केव्हाच सरळ निघून गेला होता. त्या माणसानं मला धरून बाहेर काढलं आणि माझा हात पुढच्या चाकावर ठेवला. मग म्हणाला, "आता इथून पावलं मोज." सात पावलं मोजली आणि त्यानं माझा पट्टा मागून धरला. खाली पाणी आपटत होतं. खूप खाली. मी गुडघ्यांवर बसलो आणि तिथंच ओकलो.

(मी मागं वळून शोधत होतो. तीन तास. प्रत्येक झुडूप गाडी वाटत होतं. मनात तुम्हाला पत्र लिहीत होतो, कसं लिहू म्हणून. मग त्या कोळ्याचा ट्रक दिसला, आणि मागं दोरानं बांधलेली होल्डन. क्लेम आत बसला होता, हात मांडीवर. मी त्याला आधी मिठी मारली आणि मग शिव्या दिल्या, आमच्या भाषेत, कारण तुमच्या भाषेत तेवढ्या नाहीत. यूरे.)

आता ऐक. मी येत नाही. आईसारखा कपात बोट घालून तुझ्या स्वयंपाकघरात बसायला मी येणार नाही. यूरे दोन गाड्या आणि डबे तुझ्या गोदामात टाकून येईल. मला इथं म्हाताऱ्यांच्या आश्रमात जागा मिळेल म्हणतात. तुला जे विकायचं ते विक, जे टाकायचं ते टाक. गोदाम आहे, तेवढं बरं झालं. माझ्या वस्तू तरी दाराआड राहतील.

क्लेम


पीटरबरो
१७ एप्रिल

क्लेम,

यूरे, हे त्याला सावकाश वाचून दाखवा आणि मध्ये थांबू नका. तो ओरडला तरी.

गोदाम नाही. फेब्रुवारीतच गेलं. बारा फुटांचं दार मी खोटं लिहिलं. तुझ्या तीन गाड्या महिनाभर मेंढ्यांच्या पत्र्याखाली उभ्या होत्या. तू येऊन उभा राहिलास की मग सांगायचं, असं मी ठरवलं होतं. समोर उभ्या माणसाला परत पाठवता येत नाही, म्हणून. तू मला दिसतं म्हणालास, मी तुला दार आहे म्हणाले. ट्रेव्हॉरोंचं रक्त, दुसरं काय.

आता याहून वाईट सांगते.

इथं हेंच्के म्हणून एकजण आहे, बंद पडलेल्या लोण्याच्या कारखान्याचा मालक. मैदानावर तो चार वेळा आला आणि बाबांच्या टूररपाशी टोपी काढून उभा राहिला. पाचव्या वेळी मला म्हणाला, "मिसेस हॉकिंग, माझ्याकडे छप्पर आहे आणि आत काही नाही. तुमच्याकडे उलटं आहे." टूरर दिली तर कारखान्याचं मागचं दालन तुझ्या हयातीपर्यंत तुझं, कागदावर सही करून. मी दोन दिवस मागितले. तुला तार करणार होते. पोस्टाच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले, कारण तू नाही म्हणाला असतास.

बारा तारखेला मी त्याला बाबांची गाडी दिली. म्हणजे बहुतेक तू त्या कड्याच्या रस्त्याला होतास त्याच दिवशी. गाडीत माझाही अर्धा वाटा आहे, असं मनाला समजावलं. पण तुला न विचारता दिली, हे खरं. तो ती घेऊन गेला तेव्हा भोंगा वाजवत गेला. मी कान झाकून घेतले.

दालन कोरडं आहे. दार नऊ फूट चार इंच. या वेळी टेप लावून मी स्वतः मोजलंय, दोनदा. गाड्या जातात.

तुझं "येत नाही" मी वाचलं. आई शेवटची चार वर्षं माझ्याकडे होती, तुझ्याकडे नाही. कपात बोट घालणाऱ्या माणसासोबत कसं राहायचं, ते मला माहीत आहे. आई गेली त्याचं मला वाईट वाटतं. ती राहिली त्याचं कधी वाटलं नाही. पण रेल्वेची वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आल्यापासून इथं कामावरून काढलेले फिटर भिंतींना टेकून बसलेत. त्यातले दोघं मैदानावर येऊन तुझे डबे उघडून बघत होते. तारेच्या पिळांचा अर्थ मला विचारला. मला कुठं माहीत? उद्या तू नसलास तर ते दोनशे चाळीस डबे खरंच भंगार आहेत.

ये, नाहीतर येऊ नकोस. पण मी तुझी गाडी दिलीय, त्याबद्दल तोंडावर शिव्या द्यायला तरी ये.

थेल्मा


सेदुना
२१ एप्रिल

थेल्मा,

गाडी आपली होती. विचारायला हवं होतंस.

येतो. ट्रकमध्ये, यूरेच्या शेजारी बसून. होल्डन इथंच ठेवलीय, तो नंतर आणेल.

क्लेम

(पत्र वाचल्यावर तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मटण खाल्लं आणि म्हणाला, लिही. रागात आहे, बाई. पण दाढी केलीय. यूरे.)


पीटरबरो
१२ सप्टेंबर १९७२

प्रिय यूरे,

तुमच्या पत्नीनं पाठवलेले अंजीर मिळाले. क्लेमनं निम्मे उभ्या उभ्या संपवले.

तुम्ही होल्डन पोचवून गेलात त्यानंतरची हकीकत विचारलीत. आधी नऊ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी वाढायचे, तो जेवायचा, "धन्यवाद, मिसेस हॉकिंग" म्हणायचा. सख्ख्या बहिणीला! सकाळी भिंत धरून कारखान्यात जायचा, भिंत संपली की कुंपण धरायचा. मी वीस पावलं मागं. त्याला ते कळायचं आणि मला कळायचं की त्याला कळतंय.

आता कारखान्यात तिघंजण असतात. ते दोन फिटर डबे उघडतात, क्लेम स्टुलावर बसून एक एक भाग बोटांत फिरवतो आणि सांगतो. परवा तासभर एका नटावर भांडले आणि क्लेम चुकला. घरी येऊन खोलीचं दार लावून बसला. सगळे दिवस चांगले नसतात. डाग वाढतोय. डॉक्टर म्हणतात, कडेचं थोडं दिसत राहील, बाकीचं जाईल. व्हॉक्सहॉल शेवटी मोडीतच काढली. एक फोर्ड मात्र ख्रिसमसपर्यंत चालेल म्हणतात. हेंच्के रविवारी बाबांच्या गाडीतून चर्चला जातो. ती गल्लीत आली की क्लेम हातातलं काम थांबवतो, ती जाईपर्यंत.

दहाव्या दिवशी त्यानं तोंड उघडलं. म्हणाला, "गाडी चालवायला शिक."

मी म्हटलं, "मी सहासष्ट वर्षांची आहे."

"विचारलं नाही मी."

मला वाटलं, शिक्षा देतोय. माझे हे होते तोवर तेच चालवायचे, आणि मी शाळेत सायकलनं जायचे. पण क्लेमनं मला होल्डनमध्ये बसवलं, स्वतः शेजारी बसला, खिडकी उघडी टाकली आणि कान दिला. त्याला रस्ता दिसत नाही, पण गाडीच्या पोटात काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. "सोड, सोड, क्लच सोड हळू. आता तिसरा टाक, बाई, कळवळतेय ती!" मी चुकीचा गिअर टाकला की स्वतःचा दात उपटल्यासारखा ओरडतो. शाळेतल्या कोणत्याच पोराला मी इतकं घाबरवलं नसेल. पहिल्या परीक्षेत गाडी मागं घेताना परीक्षा घेणाऱ्या पोलिसाच्याच अंगणातलं पिंप पाडलं. दुसऱ्यांदा पास झाले. परवाना हातात आला तेव्हा क्लेम म्हणाला, "छापलेलं नाव वाच." मी वाचलं. म्हणाला, "पुन्हा वाच."

गेल्या रविवारी आम्ही ओरूरूला निघालो. चोवीस मैल. मी बोलत होते, कारण आता तसा नियमच झालाय. डावीकडे गव्हाचं शेत, उजवीकडे मोडकं घर, रस्त्यावर मेलेला कांगारू, समोर चढ, असं सगळं सांगत. तेवढ्यात समोरून मेंढ्यांचे दोन ट्रक एकामागून एक गेले आणि आम्ही धुळीत बुडालो. काच लाल झाली. बॉनेट दिसेना, रस्त्याची कड दिसेना. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"गप्प का झालीस?" क्लेम म्हणाला.

"मला काहीच दिसत नाही, क्लेम. काहीच नाही."

तो खिडकीतून कान बाहेर काढून थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्यानं हात पुढं केला, चाचपत माझं मनगट धरलं.

"पाय उचल," तो म्हणाला, "भोंगा दे, आणि बोलत राहा. सवय होते."

मी भोंगा दिला. आणि समोर काही नसताना बोलत राहिले.

तुमची
थेल्मा हॉकिंग